सरजाबाईची दुसरी फिल्म

"हात बुडवा मावशी. अजून. मनगटापर्यंत जाऊ द्या," जिलानी कॅमेऱ्यामागून म्हणाला.

सरजाबाईनं हात बुडवला. चुलीच्या राखेनं काळा केलेला, नखांत मुद्दाम चिखल भरलेला हात तिनं पिंपात घातला, पेला बुचकळून काढला, पदरानं नाक पुसलं आणि तोच पेला समोरच्या लहानग्या अमरेशपुढं धरला. "घे रं माझ्या राजा, पी," ती इतक्या मायेनं म्हणाली की कडेला उभ्या असलेल्या बायांच्या अंगावर काटा आला. अमरेशनं पेला नुसता ओठाला लावला, तसं त्याला आधीच बजावून ठेवलेलं होतं. मग त्यानं पोट धरलं आणि मातीत गडाबडा लोळला. जरा जास्तच लोळला.

"कट," जिलानी म्हणाला. "मावशी, इतके साल तुमी होत्या कुठं?"

"देवगव्हाणातच होते. आमच्या लग्नाला तुमचा कॅमेरा परवडत नव्हता."

जिलानीचं मुदखेडला लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. त्याला इथं आणलं होतं दीपमालाताईनं. ती लातूरच्या एका संस्थेची. घरंदारं सोडून आलेल्या लोकांनी आपल्या अडचणींवर आपणच फिल्म काढायची आणि आपणच बघायची, असं तिचं काम. लोक बाहेरून आणलेल्या माहितीच्या फिल्मसमोर झोपी जातात, पण पडद्यावर आपली शेजारीण दिसली की डोळे ताणून बघतात, असं ती म्हणायची. ह्या पूरग्रस्तांच्या कॅम्पातली पहिली फिल्म पाण्यावर काढायचं ठरलं. कडुनिंबाखाली बसून सगळ्यांनी मिळून गोष्ट रचली. पण घाण हात पाण्यात घालणाऱ्या बाईचं काम करायला कुणी उठेना. एकीला सासू आडवी आली, एकीला नवरा. शेजारच्या खोलीतली साखराबाई म्हणाली, "आमच्या सुनेच्या माहेरचे बघतील तर काय म्हनतील?" शेवटी सरजाबाई म्हणाली, "द्या इकडं. मी करते. खोटं खोटंच हाय की."

देवगव्हाण गोदावरीच्या काठाला होतं. होतं म्हणजे अजूनही आहे, पण पुरानं त्यात असा गाळ भरला की वरच्या माळावर नवं गावठाण होईपर्यंत लोकांना मुदखेडबाहेरच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात आणून ठेवलं. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. त्या खोल्या वाटताना कुणाच्या डोक्यात काही नव्हतं. ट्रॉलीतून माणसं ज्या क्रमानं उतरली त्या क्रमानं आत शिरली. गावात ज्यांच्या घरांमध्ये ओढा होता, पार होता आणि आणखीही पुष्कळ काही होतं, त्यांच्यामध्ये आता नुसता एक पत्रा उरला. बौद्धवाड्यातली सरजाबाई आणि जिच्या रानात तिनं जन्मभर खुरपलं ती साखराबाई एकाच ट्रॉलीत होत्या, म्हणून शेजारणी झाल्या. पहिले काही दिवस सरजाबाई सवयीनं 'काकी' म्हणायची. मग पत्र्यापलीकडून साखराबाईचं घोरणं ऐकू यायला लागलं, आणि काकीची साखराबाई कधी झाली ते कळलं नाही. तिकडं 'सरजे'चीही 'सरजाबाई' झाली.

कॅम्पात पाण्याचं काम सरजाबाईकडं होतं. टँकर आला की पिंपं भरून घ्यायची, औषधाचे थेंब टाकायचे, औषध लागेपर्यंत कुणाला झाकण उघडू द्यायचं नाही. मग निंबाखालच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसायचं, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं हंडे भरून द्यायचे आणि शाळेच्या पोरांना, कामावरून येणाऱ्यांना पेल्यानं पाणी प्यायला द्यायचं. ओगराळ्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा कमिटीचा नियम. ह्या नियमाची सरजाबाईला मोठी गंमत वाटायची. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर तिची आई घागर खाली ठेवून बाजूला उभी राहायची. कुणाला दया आली की वरून धार पडायची. तहान लागली असली तर आई खाली बसून ओंजळ करायची, आणि धार थांबली की ओंजळीत असेल तेवढ्यावर तहान भागली असं समजायची. आता त्याच गावाला सरजाबाई पेला भरून हातात द्यायची. ते काम तिला फार आवडायचं. का, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

कमिटीतल्या धोंडप्पाआप्पाच्या धोतराचा पडदा करून दिवेलागणीनंतर फिल्म दाखवली. जिलानीनं लग्नाच्या सवयीनं अमरेश लोळतो त्या जागी चारी बाजूंनी लाल बदाम टाकले होते, त्यावर लोक हसून बेजार झाले. पण पुढं अमरेशची आई झालेल्या बाईनं साखर-मिठाचं पाणी कालवलं, तेव्हा बाया पुढं सरकून बघायला लागल्या. फिल्म संपली तर "पुन्हा लावा" झालं. दुसऱ्या दिवसापासून कॅम्पात साबण दिसायला लागला, हंड्यांवर ताटल्या आल्या. दीपमालाताईनं लातूरला फोन करून कळवलं, "एवढी कुठलीच फिल्म पोचली नव्हती."

फिल्म खरंच फार पोचली होती.

त्याच सकाळी शाळेच्या रांगेतल्या एका पोरीनं पेला घ्यायच्या आधी विचारलं, "आज्जे, हात दाखव." सगळी पोरं हसली. सरजाबाईही हसली, दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवले. दुसऱ्या दिवशी हात पुढं येईनात. "कट्ट्यावर ठेव ना आज्जे, आमी उचलतो." तिनं ठेवला. पोरीनं उचलला. सिमेंटवर पेल्याच्या बुडाचा ओला गोल राहिला.

मग मोठी माणसंही तसंच करायला लागली. "पिच्चर बघितल्यापासून भ्या वाटून राहिलं बाप्पा तुझं," म्हणत, हसतच. सरजाबाई पेला ठेवायची, ते उचलायचे, ती फडक्यानं गोल पुसायची. हसत मागितलेला पेला असो की न हसता, कट्ट्यावर गोल सारखाच उमटतो, हे तिच्या ध्यानात आलं. ते फडकं पिळायची वेळ यायला लागली.

त्यातच अमरेश खरोखरचा आजारी पडला. तो साखराबाईचा नातू. आठवडी बाजारात लाल रंगाचा बर्फाचा गोळा खाऊन आला आणि रात्रभर त्याचं पोट वाहिलं. साखराबाईनं फिल्ममधल्यासारखं साखर-मिठाचं पाणी पाजून त्याला सावरलं आणि सकाळी उठून कट्ट्यावर आली.

"सरजे, माझ्या नातवाला तुझ्या हातचं लागलं बघ."

"त्यानं गोळा खाल्ला बाजारात. जीभ लाल हाय अजून त्याची."

"गोळा सगळ्या पोरांनी खाल्ला. लोळला कोन? पिच्चरमधी लोळला तोच. असलं आजारपन खोटं खोटं करायचं नसतंय माय. करनाऱ्याच्या मागं लागतंय ते."

"आन् साखर-मिठाचं पानी कुठून शिकली तू?"

"ते येगळं," साखराबाई म्हणाली. मग तिनं खिळ्याला टांगलेलं ओगराळं स्वतःच काढलं. "थोडे दिस तू हात नको लावू. आमी आमचं घेऊन ऱ्हातो."

तिनं हंडा भरला, ओगराळं परत खिळ्याला अडकवलं आणि गेली. सरजाबाई त्या हलणाऱ्या ओगराळ्याकडं बघत बसली. साखराबाई खोटं बोलत नव्हती, तिला खरंच भीती वाटली होती. नातू लोळलेला तिनं पडद्यावरही बघितला होता आणि अंथरुणावरही. पण 'सरजे' कुठून आलं? ते तर फिल्ममध्ये नव्हतं. ते आधीपासूनच कुठंतरी घडी घालून ठेवलेलं होतं, ट्रंकेतल्या साडीसारखं.

संध्याकाळी कमिटी बसली. कमिटी म्हणजे मुख्यतः धोंडप्पाआप्पाच.

"रागाचं न्हाई सरजाबाई," आप्पा म्हणाले. "लोकांचं भ्या निघंपर्यंत दुसरं कुनी बसंल कट्ट्यावर. पगार चालू ऱ्हाईल तुझा."

"बसून पगार कशाचा, आप्पा?"

"पिच्चरमधी येवढं झकास काम केल्याचा."

लोक हसले. सरजाबाई हसली नाही. "शनवारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "मंग कुनाला बसवायचं ते बसवा."

दीपमालाताई तिच्यामागोमाग खोलीपर्यंत आली. लातूरची पोर, पण चेहरा उतरला की थेट देवगव्हाणची दिसायची. "मावशी, माझी चूक झाली. पाणी देणाऱ्या बाईलाच हे काम द्यायला नको होतं, मला कळायला हवं होतं. आपण फिल्मच्या शेवटी पाटी टाकू, हे सगळं खोटं आहे म्हणून."

"पाटी कोन वाचतंय ताई? दुसरी पिच्चर काढू."

"कशावर?"

"पान्यावरच. ह्या टायमाला खरीखुरी. मी सांगते तशी."

फिल्म कशी काढतात ते सरजाबाईला आता कळलं होतं. कळायला फार काही नव्हतंच. लोकांनी काय बघायचं ते आधी आपण ठरवायचं, एवढंच. जन्मभर ते दुसऱ्यांनी ठरवलं होतं, त्यामुळं त्यात काय गोडी असते हे तिला लगेच उमगलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पत्र्याला पाठ लावून हाक मारली, "साखराबाई, झोपली का?"

"न्हाई. बोल."

"दुसरी पिच्चर काढून राहिलो. एक बाई पायजे."

"घान करनारी?"

"पानी पिनारी. माझ्या हातचं."

पलीकडं बांगड्या वाजल्या. मग साखराबाई म्हणाली, "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. लोकं काय म्हनतील?"

"लोकं काय म्हनतील म्हनून तू पहिल्या पिच्चरमधी पन न्हाई आली. आता तुझ्या सुनेच्या माहेरचे मला ओळखून राहिले. त्या दिशी आले तर माझ्यासंगं फोटू काढून गेले. तुला कुनी इचारलं का?"

हे वर्मी लागलं. पत्र्यापलीकडं ट्रंकेची कडी वाजली. झाकण उघडल्याचा आवाज आला.

"साडी कोनती नेसू?" साखराबाईनं विचारलं.

शूटिंग सकाळी उन्हं कोवळी असताना ठेवलं. सरजाबाईनं आधी आपण नखं काढतो ते घ्यायला लावलं, मग साबण, मग औषधाचे थेंब, मग बंद झाकणाशेजारी नुसतं बसून राहणं. "हे बसनं पन घ्या," ती जिलानीला म्हणाली. "लोकांना वाटतं मी रिकामी बसते." जिलानीनं निमूट घेतलं. निम्मा कॅम्प गोल करून बघत होता. आप्पांनी खुर्ची आणून मांडली होती.

शेवटचा शॉट उरला. साखराबाई जांभळी इरकल नेसून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून उभी होती. जिलानीला एकदम काहीतरी सुचलं.

"मावशी, ऐका. तुमी कट्ट्यावर हुबं ऱ्हायचं. तांब्या असा उंच धरायचा. साखरामावशी खाली बसतील, ओंजळ करतील. वरून धार सोडायची, मागं सूरज. क्या बोलते तुमी, मोत्यावानी दिसतं पानी. शादीमधी असा शॉट टाकला की लोक पुन्हा पुन्हा बघतात." आणि त्यानं स्वतः खाली बसून, ओंजळ वर करून दाखवली.

दिसलं असतं सुंदरच. सरजाबाईला ते डोळ्यांपुढं लख्ख दिसलंही, आता तिला तसली नजर आली होती. धार, तिच्यातून झिरपणारं ऊन, आणि खाली वर बघणारं एक तोंड. ते तोंड मात्र साखराबाईचं दिसेना.

"न्हाई," ती म्हणाली.

"कामून? लई भारी—"

"वरून न्हाई, जिलानीभाई. वरून लई झालं."

जिलानी ओंजळ तशीच धरून दीपमालाताईकडं बघायला लागला. ती खाली मातीकडं बघत होती. साखराबाई उगाचच निऱ्या सारख्या करायला लागली. खुर्चीतून आप्पा हळूच म्हणाले, "अगं, आता वर तर तूच हाय की."

"म्हनूनच न्हाई," सरजाबाई म्हणाली. "पेला. हातातून हातात. बास."

जिलानीनं कॅमेरा डोळ्याला लावला. सरजाबाईनं पेला भरला. साखराबाई पुढं आली, हसली, आणि कुणी काही म्हणायच्या आत सरजाबाईच्या हातानं पेला कट्ट्यावर ठेवून दिला. साखराबाईनं तो तत्परतेनं उचलला.

"कट. मावशी, तुमीच बोलल्या हातातून हातात."

सरजाबाई आपल्या हाताकडं बघत राहिली. एवढी घोकून ठेवलेली गोष्ट, आणि हातानं तिला विचारलंसुद्धा नाही. साखराबाईनं तोंड वळवलं, पण तिच्याही कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दुसऱ्या वेळेला साखराबाईनं पेला वरच्या काठाला दोन बोटांनी धरला, गरम असल्यासारखा. तो निसटला, पाणी इरकलीवर सांडलं. "घाबरू नका ना," जिलानी म्हणाला. "पानीच हाय."

तिसऱ्या वेळेला सरजाबाईनं पेला पुढं धरला आणि धरूनच ठेवला. तिचा दंड भरून आला तरी धरला. साखराबाईनं एकदा लोकांकडं बघितलं, एकदा अमरेशकडं. मग पूर्ण पंजा पुढं करून पेला घेतला. तिची बोटं सरजाबाईच्या बोटांवर आली आणि क्षणभर तशीच राहिली, कारण दोघींपैकी कुणी आधी सोडायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"किती गार हात हायत गं तुझे," साखराबाई म्हणाली. हे गोष्टीत लिहिलेलं नव्हतं. मग ती घटाघटा सगळं प्याली.

फिल्म जोडायला सरजाबाई ऑटोत बसून जिलानीच्या दुकानी गेली. भिंतीवर नवरानवरींचे मोठाले फोटो, मधे कॉम्प्युटर. जिलानीनं पहिले दोन शॉट काढून टाकायला बोट उचललं.

"ऱ्हाऊ द्या ते," ती म्हणाली.

"मावशी, चुकलेले हायत."

"म्हनूनच. चुकलेलं दिसल्याबिगर बरोबर काय झालं ते कसं कळंल?"

"साखरामावशी माझं दुकान फोडतील."

"लावा तिला फोन."

जिलानीनं फोन लावून तिच्या हातात दिला. सरजाबाईनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून पहिला प्रश्न आला, "साडी कशी दिसती?"

"तिन्ही बारीला चांगली. दुसऱ्या बारीला वल्ली झाली, तर काठ उठून दिसतो."

"हं." मग थोडं थांबून, "पहिल्या बारीला तर तुझाच हात चुकला, सरजाबाई. ते बी दिसंल की लोकांना."

"दिसू दे," सरजाबाई म्हणाली.

शनिवारी पुन्हा आप्पांचं धोतर बांधलं. ह्या फिल्मला बदाम नव्हते. नखं, साबण, थेंब. झाकणाशेजारी बसलेली सरजाबाई बराच वेळ नुसती बसून राहिली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "हिला येवढं बसावं लागतंय व्हय?" पेला कट्ट्यावर ठेवला गेला तेव्हा मोठा हशा पिकला. दुसऱ्या वेळेला पाणी सांडलं तेव्हाही लोक हसले, पण पुढं बसलेलेच. तिसऱ्या वेळेला पेला पडद्यावर तसाच धरलेला राहिला, राहिला, आणि हसणारे पुढचे लोकही माना उंचावून बघायला लागले. 'किती गार हात हायत गं तुझे,' पडद्यावरची साखराबाई म्हणाली. खालची साखराबाई शेजारणीला कुजबुजली, "ते मी मनानं टाकलं, बरं का."

सरजाबाई मागं उभी राहून बघत होती. पडदा वाऱ्यानं हलत होता, त्यामुळं पेला पुढं यायचा नि मागं जायचा. आईचा एकही फोटो नाही, हे तिला आठवलं. कुणी काढलाच नव्हता.

कमिटीनं कट्ट्यावर दुसऱ्या कुणाला बसवलं नाही. रविवारी सकाळी टँकर आला, सरजाबाईनं पिंपं भरून घेतली, औषध टाकलं, वेळ जाऊ दिला आणि कट्ट्यावर आपल्या जागी जाऊन बसली. कुणाला विचारलं नाही. ओगराळं खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलं.

साखराबाई पहिली आली. हंडा कमरेवरच ठेवून तिनं मोकळा हात पुढं केला. सरजाबाईनं पेला दिला. तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"औषध जास्त झालं आज."

"रोजच्यायेवढंच हाय."

"वास येऊन राहिला."

"नाक धरून पी."

साखराबाईनं नाक धरलं आणि प्याली. मग हंडा भरून घेऊन, सूनबाईच्या आळसाबद्दल चार शब्द बोलून गेली.

मागून रांग लागली. हात दाखव म्हणणाऱ्या पोरीनं पेला हातात घेतला आणि पिता पिता सरजाबाईच्या बोटांना हळूच बोट लावून पाहिलं, खरंच गार आहेत का ते. आप्पांनी घेतला. पुष्कळांनी घेतला. काहींनी नाही. ते नुसते कट्ट्याकडं बघत उभे राहिले, आणि मागची रांग खोळंबू नये म्हणून सरजाबाईनं त्यांचा पेला खाली ठेवला.

रांग संपली तेव्हा सिमेंटवर थोडे ओले गोल राहिले होते. तिनं फडकं उचललं, त्यांच्याकडं बघितलं आणि फडकं परत खाली ठेवलं. ऊन कट्ट्यापर्यंत यायलाच लागलं होतं.